घराआधीचा नकाशा

पाण्याचा आवाज आधी कानावर येतो. झाडीतून वळण घेतलं की दिसतात एकावर एक पुढे झेपावलेल्या काँक्रीटच्या गच्च्या, आणि त्यांच्या खालून उडी घेणारा बेअर रन नावाचा ओढा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधलं हे 'फॉलिंगवॉटर'.

मालक एडगर कॉफमन यांना धबधबा समोर दिसेल असं सुटीचं घर हवं होतं. 1935 मध्ये वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी आराखड्यात ते धबधब्याच्या डोक्यावरच बसवलं. ही गोष्ट सगळे सांगतात. आम्हाला मात्र त्याआधीचा एक कागद मोलाचा वाटतो. राइट यांनी जागेचा मोजणी नकाशा मागवला होता, आणि त्यावर मोठे खडक न् मोठी झाडंही हवीत, असं बजावलं होतं.

त्या नकाशाचा ठसा घरभर दिसतो. कॉफमन कुटुंब ज्या कातळावर ऊन खात बसायचं, तो फोडला नाही. दिवाणखान्याची फरशी त्याच्याभोवती फिरली, आणि त्याच्यावरच शेकोटी बांधली. भिंतींचा दगड याच परिसरातला. काही ठिकाणी दगडात खाच पाडून काच थेट बसवली आहे, मध्ये चौकट नाही. बाहेरच्या वाटेवरची तुळई झाडापाशी येते आणि चक्क त्याला वळसा घालून पुढे जाते. दिवाणखान्यातला एक लटकता जिना सरळ ओढ्यावर उतरतो.

पाण्याच्या इतकं जवळ जाणं सोपं नव्हतं. मुख्य गच्ची वर्षानुवर्षं वाकत सुमारे 7 इंच खाली आली. 2002 मध्ये पोलादी तारा ताणून तिला आधार दिला, तेव्हा तिचं वाकणं थांबलं.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सी रँच नावाच्या वसाहतीत, कातळापेक्षा वाऱ्याचा प्रश्न मोठा होता. बांधकाम सुरू होण्याआधी भूदृश्य रचनाकार लॉरेन्स हॅल्प्रिन यांनी तिथला वारा, ऊन, जमिनीचे उतार यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यावरून 1960 च्या दशकात वास्तुरचनाकार जोसेफ एशरिक यांनी सायप्रसच्या जुन्या झाडांच्या रांगांना खेटून काही घरं उभी केली. वाऱ्याने तासलेल्या त्या झाडांच्या शेंड्यांसारखीच छपरं तिरकी. वारा छपरावरून घसरून जातो आणि पलीकडच्या अंगणात आडोसा मिळतो. छपराला वळचण मुद्दामच ठेवलेली नाही. वाऱ्याला धरायला काही उरत नाही.