जिनं पाहिलं, तिला पाठवा

(दारव्हा, जि. यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय 'मेंदूविकार आणि आधुनिक उपचार' असा छापलाय. संयोजकांची माफी मागून मी तो जरा वळवून घेते. आधुनिक उपचारांची माहिती तुमच्या मोबाइलवर भरपूर आहे. मी बोलणार आहे ते नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्यूरॉलॉजीची रेसिडेंट असताना मी काय शिकले त्याबद्दल. तेही सगळं नाही. एकच गोष्ट.

रेसिडेंट म्हणजे शिकता शिकता राबणारा डॉक्टर. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग एमडीची तीन, मग पुढच्या प्रवेशासाठी नीट-एसएसची परीक्षा, आणि ती निघाली तर न्यूरॉलॉजीच्या डीएमची आणखी तीन. तोवर वर्गातल्या मैत्रिणींची मुलं शाळेत जायला लागलेली असतात आणि आपली आजी विचारते, "अजून पास नाही झाली का वं?" दिवसा ओपीडी आणि वॉर्ड, रात्री कॅज्युअल्टीचे कॉल. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचे आलेख, वाचायचे, नसांची तपासणी करायची, पाठीतून पाणी काढायचं आणि ती बाटली घेऊन लॅबपर्यंत स्वतःच पळायचं, कारण वॉर्डबॉय मामा सापडेपर्यंत त्यातल्या पेशी मोडायला लागतात. पेशंट कुठून येतात? गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, आपलं यवतमाळ, शिवाय मध्य प्रदेशातून बालाघाट, छिंदवाडा, बैतूल. खाटा भरल्या की दोन खाटांच्या मधल्या फरशीवर गादी पडते. तिथं गुडघे टेकून तपासायची सवय होते.

आता ती एक गोष्ट. आमच्या सरांचा राऊंडला एक नियम होता. पेशंटबरोबर एमआरआयचं मोठं पाकीट असायचंच. हल्ली डॉक्टरकडे जायच्या आधीच लोक एमआरआय करून येतात. आमचा हात त्या पाकिटाकडे गेला की सर म्हणायचे, "ठेव खाली. आधी काय झालं ते सांग." मग दोनच प्रश्न. बिघाड कुठं आहे: मेंदूत, मणक्यातल्या दोरीत, नसेत की स्नायूत? आणि तो किती वेळात झाला? काही सेकंदांत सुरू होऊन मिनिटा-दोन मिनिटांत संपला, तर झटका, म्हणजे फिट. क्षणात झाला आणि तसाच राहिला, तर रक्तवाहिनी. दिवसांत वाढला तर जंतू किंवा सूज, महिन्यांत वाढला तर गाठ, वर्षांत वाढला तर झीज. याला अपवाद पुष्कळ आहेत, पण या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर निदानाचा बराच रस्ता कापला जातो. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही मशीनमध्ये नसतं. ते घरच्या माणसाकडे असतं. त्यातही, ज्यानं पाहिलं त्याच्याकडे.

एका मुलाचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही. नऊ-दहा वर्षांचा पोरगा, एकदा झटका येऊन गेलेला. सोबत वडील, काका आणि गावातले एक पुढारी. झटका कसा आला विचारलं तर तिघंही एका सुरात, "फिट आली, हात-पाय झाडले, फेस आला." तुम्ही पाहिलं का? वडील शेतात होते, काका यवतमाळला होते, पुढारी जीप घेऊन नंतर आले. मग पाहिलं कोणी? आजीनं. आजी कुठं आहे? घरी, म्हशीचं कोण करणार म्हणून. आमच्या सीनियरनं मला फोन लावायला सांगितलं. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आजी आधी घाबरली, मग सांगू लागली: "पयले त्याचा डावा अंगठा हालाले लागला. मंग पंजा. मंग कोपरापावेतो हात. मंग तोंड डाव्या अंगानं ओढलं. 'आजी, हात पाय माहा' (माझा हात बघ) म्हणे. अन् मंग पडला."

मंडळी, या पाच-सहा वाक्यांत निदान आहे. लंडनमध्ये ह्यूलिंग्ज जॅक्सन नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. 1860 च्या दशकात, ईईजी-एमआरआय सोडा, साधा एक्स-रेसुद्धा नव्हता तेव्हा, त्यांनी अशाच झटक्यांकडे नीट लक्ष दिलं. अंगठ्यापासून हात, हातापासून चेहरा, असा झटका क्रमानं सरकतो, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचे भाग क्रमानं मांडलेले असले पाहिजेत, हे त्यांनी नुसत्या निरीक्षणातून ताडलं. त्यांच्या पत्नीलाही असे झटके येत. मेंदूतली वीज कागदावर उतरायला त्यानंतर कित्येक वर्षं जावी लागली. हान्स बर्गर यांनी माणसाचा ईईजी प्रसिद्ध केला तो 1929 साली. आमच्या आजीबाईंनी जॅक्सनचं नाव ऐकलं असणं शक्य नाही. पण तिनं पाहिलं होतं तेच, आणि त्याच क्रमानं. डावा अंगठा म्हणजे मेंदूचा उजवा भाग, आणि त्यातही कुठली जागा, हे पाकीट न उघडता सांगता येत होतं. उघडलं तेव्हा तिथंच बोराच्या बीएवढी गोल गाठ होती, भोवती सूज. फीतकृमीची अळी.

हे ऐकून वडील चिडले. "आम्ही माळकरी आहो बाई. आमच्या घरात अंडंबी शिजत नाही." हा गैरसमज इथं बसलेल्या बऱ्याच जणांचा असेल, म्हणून थांबून सांगते. डुकराचं कच्चं मांस खाल्लं तर पोटात फीतकृमी होतो. पण मेंदूत अळी जाते ती त्या कृमीच्या अंड्यांमधून, आणि ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. उघड्यावर कोणी बसलं, ते पाण्यातून कोथिंबिरीवर, गाजरावर, मुळ्यावर आलं, आपण नीट न धुता खाल्लं, की झालं. माळ घातली काय आणि न घातली काय. मुलाला झटक्याची गोळी, सूज उतरवायला स्टेरॉइड आणि मग अळीवरचं औषध दिलं. बरा झाला.

आता लकव्याकडे येते. इथं प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण घड्याळ मध्ये येतं. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली असेल तर ती गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन हवा, कारण रक्तस्राव झाला तरी लकवाच दिसतो आणि तिथं हे इंजेक्शन म्हणजे विष. साखरही बघायची, कारण साखर फार उतरली तरी माणूस एका अंगानं लुळा पडू शकतो. मोठी वाहिनी बंद असेल तर मोठ्या केंद्रांत तारेनं गुठळी ओढून काढतात, निवडक पेशंटमध्ये 24 तासांपर्यंतसुद्धा. पण बहुतेकांसाठी हिशोब साडेचार तासांचा. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. तुम्ही दारव्ह्याचे, त्यात आणखी भर घाला.

हे साडेचार तास मोजायचे कधीपासून? इथं सगळा घोळ होतो. कॅज्युअल्टीत मुलगा सांगतो, "सकाळी सहाला झालं." सहाला झालं नाही, सहाला दिसलं. रात्री दहाला आई धडधाकट झोपली आणि सहाला तोंड वाकडं दिसलं, तर आमच्या लेखी घड्याळ रात्री दहाला सुरू होतं. म्हणजे वेळ गेली. अलीकडे काही ठिकाणी एमआरआयवरून अशा पेशंटचाही विचार करतात, पण ते सगळीकडे नाही. म्हणून आम्हाला शिकवला होता तो प्रश्न 'कधी झालं' हा नाही. 'शेवटचं चांगलं कधी पाहिलं' हा आहे.

अशीच एक केस. कापूस वेचणीचे दिवस. मुलगा, जावई, सरपंच, सगळे बोलतायत. रात्री दहा, सकाळी सहा. इंजेक्शनची वेळ टळली म्हणून फाइल बाजूला ठेवणार, तेवढ्यात दाराजवळ पदर घेऊन उभी असलेली सून मला हळूच म्हणाली, "मॅडम, पाचले मी डबा कराले उठली तवा सासूबाईंनं चुलीत काड्या सारल्या. बोलल्या माह्यासंगं. उजव्या हातानंच सारल्या." उजव्याच हातातला जोर गेला होता. घड्याळ दहावरून पाचवर आलं. त्या बाईला इंजेक्शन मिळालं.

मी हे कौतुक म्हणून सांगत नाही. यात मला राग येण्यासारखं आहे. त्या सुनेला कोणी विचारलं नव्हतं. गाडीत जागा होती म्हणून ती आली. नसती तर सरपंच आलेच असते आणि ती घरी राहिली असती. आपल्याकडे दवाखान्यात कोण जातं? ज्याच्या ओळखी आहेत तो, ज्याच्या खिशात पैसे आहेत तो, ज्याला 'डॉक्टरांशी बोलता येतं' तो. पाहिलेलं मात्र असतं घरात असणाऱ्या माणसानं, म्हणजे बहुतेक वेळा बाईनं. गाडीत जागा एकच असेल तर पुढाऱ्याला उतरवा. जिनं पाहिलं, तिला पाठवा. तिला बोलता येत नाही असं म्हणू नका. त्या आजीइतकं स्वच्छ बोलणारे एमडीचे विद्यार्थी मी कमी पाहिले आहेत.

फवारणीबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते तुम्ही पाहिलंय. आमच्या बाजूची एक बाब तेवढी सांगते. विषबाधा झालेला माणूस पहिल्या दिवशी घाम, लाळ, श्वास या सगळ्यातून ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधावर बाहेर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठून बसतो, नातेवाईक सुट्टी मागतात. आणि नेमक्या याच काळात, साधारण एक ते चार दिवसांत, काहींच्या मानेतली, खांद्यातली आणि मग श्वासाची ताकद जाते. त्याची पहिली खूण उशीवर दिसते. म्हणून रोज सकाळी आम्ही अशा पेशंटला एकच सांगायचो: "हात न लावता डोकं उचला." उचललं गेलं नाही की सुट्टी रद्द, व्हेंटिलेटरची तयारी. तुम्ही सोबत असाल तर हे तुम्हीही करून बघू शकता. आणि औषधाचा डबा सोबत आणा. डबा नसेल तर लेबलाचा फोटो. 'कापसावरचं औषध' एवढ्यावर आमचं काही चालत नाही.

मण्यारीचं थोडक्यात. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, उलटी होते, पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं. चावल्याची खूण बहुधा दिसतच नाही. लोक म्हणतात पित्त झालं, नाहीतर रात्री घेतली असेल. शेजारी झोपलेल्यानं 'पापण्या पडत होत्या' एवढं सांगितलं तरी पुरे. बांधू नका, कापू नका, लगेच हलवा. अशा पेशंटचं पुढं सगळं अंग बंद पडतं, डोळेसुद्धा हलत नाहीत, आणि नवीन माणसाला वाटतं मेंदूच गेला. गेलेला नसतो. तो व्हेंटिलेटरवर पडून सगळं ऐकत असू शकतो. आम्हाला ताकीद होती की त्याच्या खाटेशी उभं राहून 'काही राहिलं नाही' असं कोणी बोलायचं नाही. वेळेवर श्वास सांभाळला तर असे पेशंट काही दिवसांनी उठून चालत घरी जातात.

एक तक्रार करून प्रश्नांकडे वळते. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर बहुतेकदा एकच ओळ असायची: 'पुढील उपचारासाठी रेफर.' किती वाजता आला, तेव्हा कसा होता, काय दिलं, काही नाही. तिथल्या डॉक्टरवर किती भार असतो हे मला माहीत आहे, म्हणून दोष देत नाही. पण इथं आशाताई बसल्या आहेत. तुम्ही त्याच चिठ्ठीच्या मागे दोन ओळी लिहा. शेवटचं चांगलं कधी पाहिलं, कोणी पाहिलं, तिचा फोन नंबर.

आता प्रश्न. पहिली चिठ्ठी: 'झटका आला की कांदा किंवा चप्पल हुंगवावी का?' नको. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हात-पाय दाबून धरू नका, आणि घड्याळ बघा. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, म्हणूनच चपलेला श्रेय मिळतं. पाच मिनिटांच्या वर गेला तर 108 ला फोन. घरात दुसरं कोणी असेल तर त्यानं मोबाइलवर शूटिंग करावं. वाईट दिसतं असं वाटतं ना? चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं काढा, फक्त डॉक्टरला दाखवा, गावच्या ग्रुपवर टाकू नका.

दुसरी चिठ्ठी, नाव नाही: 'मुलीला झटके येतात. लग्न जमतंय. गोळ्या बंद कराव्या का?' ताई किंवा दादा, जे कोणी असाल, गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. एकदम बंद केली की झटके न थांबता एकामागून एक येऊ शकतात. पण लग्नाआधी डॉक्टरकडे जरूर न्या. गोळी व्हॅल्प्रोएट असेल तर ती बाळाला त्रासदायक ठरू शकते, डॉक्टर ती बदलून देऊ शकतात, आणि फॉलिक ॲसिड आधीपासूनच सुरू करतात. कायद्याची भीती असेल तर हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख 1999 मध्येच काढून टाकलाय; या कारणानं लग्न रद्द होत नाही. राहिला प्रश्न मुलाकडच्यांना सांगायचं का. सांगा, आणि नवऱ्याला तर नक्कीच सांगा. रात्री झटका आला तर पाहणारा तोच असेल. कुशीवर कसं वळवायचं, घड्याळ कधी बघायचं, गोळी कुठल्या डब्यात आहे, हे त्याला माहीत पाहिजे. जमलं तर लग्नाआधी दोघांना सोबत घेऊन या. पुढची चिठ्ठी द्या.