नाशिकच्या गल्लीत एक डाव

श्रोतेहो, नमस्कार.

रविवार कारंजावर उभं राहायचं. उजवीकडच्या पहिल्या गल्लीत शिरायचं, मग उजवीकडची दुसरी, मग डावीकडची पहिली, आणि पुन्हा तेच. पोचायचं कुठे, ते ठरलेलंच नाही. झाला खेळ! कल्पना एका डच कलावंताची, कारंजा तेवढा आपला.

चालण्याचे असे खेळ कलावंत मंडळी बऱ्याच वर्षांपासून रचत आली आहेत. १९५०च्या दशकात पॅरिसमध्ये फ्रेंच विचारवंत गी दबोर आणि त्याचे साथीदार रोजचे कामाचे रस्ते सोडून, शहर ओढील तिकडे भटकत. दबोरच्या एका मित्रानं तर लंडनचा नकाशा धरून जर्मनीतला हार्झचा डोंगराळ मुलूख पालथा घातला. तुम्ही कॉलेज रोडचा नकाशा घेऊन पंचवटीत शिरून बघा. नकाशा म्हणेल सरळ जा, आणि समोर वाड्याची भिंत! २००१ साली ब्लास्ट थिअरी या ब्रिटिश गटानं शेफिल्डच्या रस्त्यांवर जीपीएस घेतलेली माणसं पळवली, ती त्याच शहराच्या पडद्यावरच्या नकाशात, इंटरनेटवरून खेळणाऱ्यांना पकडायला. गंमत खरी, पण डोळे पडद्यावरच राहतात, असं मला आपलं वाटतं.

मला आवडतो तो स्टॅनली ब्राऊन. १९६०च्या दशकात ॲमस्टरडॅममध्ये तो येणाऱ्याजाणाऱ्याला वाट विचारायचा आणि म्हणायचा, कागदावर काढून दाखवा. त्या रेघोट्यांवर स्वतःचा शिक्का मारला की झाली कलाकृती. नाशकात कागद कोण हातात घेतंय म्हणा! हातवारे होतील. "असंच खाली जा, मारुती लागेल, तिथं कुणालाही विचारा."

पण विचारायचं काय? मी म्हणेन, रहाड विचारा. पेशवेकाळापासूनचे हे दगडी हौद तिवंध्यात, शनी चौकात चक्क रस्त्याखाली आहेत. वर लाकडी ओंडके, त्यावर माती, आणि त्यावरून वर्षभर आपल्या गाड्या जातात. रंगपंचमीला ते उघडतात, रंगाचं पाणी भरतात आणि पोरं त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारतात. एरवी नेमकी जागा पायाखाली असूनही दिसत नाही. तेव्हा फोन खिशात ठेवून तिघांना विचारा. दोघांचं जमलं नाही, तर तिसरा म्हणेल ती जागा खरी.

तिथून गोदाघाटावर उतरा, दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीपाशी. जवळच्या एखाद्या फूलवाल्या मावशींना विचारा, यंदा पूर किती आला होता? उत्तर फुटांत मिळणार नाही. मारुतीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत, असंच मिळेल. त्या सांगतील तिथवर मान वर करून बघा, आणि मग घाटावरची दुकानं कुठवर बुडाली असतील, त्या रेषेनं चालत सुटा.

निघायचं ते बाजार भरायच्या आत. दुचाकी घरीच ठेवा. जुन्या नाशकात ती लावायला जागा शोधणं हा आणखी वेगळा खेळ आहे, आणि तो कुठल्याही कलावंतानं रचलेला नाही.

नमस्कार.