लष्करप्रमुखाचा तह

[दृश्य: जेरुसलेम, पंतप्रधानांचं कार्यालय. टेबलावर एक कागद.]

१० सप्टेंबर १९९३. शुक्रवार. नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री योहान होल्स्ट ट्युनिसहून एक पत्र घेऊन आले आहेत. खाली सही आहे पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे प्रमुख यासर अराफत यांची. पत्रात म्हटलंय, इस्रायलला शांततेत आणि सुरक्षित जगण्याचा हक्क आहे, तो आम्हाला मान्य आहे. दहशतवादाचा मार्ग आम्ही सोडतो आहोत.

समोर बसलेत एकाहत्तर वर्षांचे पंतप्रधान यित्झाक राबिन. त्यांचं उत्तर टाईप करून तयार आहे. मजकूर जेमतेम एका वाक्याचा. राबिन खिशातलं असावं असं साधं प्लास्टिकचं बॉलपेन उचलतात आणि सही करतात.

ते एक वाक्य जरा नीट वाचायला हवं. पॅलेस्टाइन मुक्ती संघटना ही पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी आहे हे इस्रायल मान्य करतं आणि तिच्याशी वाटाघाटी सुरू करतं. झालं. स्वतंत्र राष्ट्राचा उल्लेख नाही, सीमेचा नाही, सैन्य मागे घेण्याचाही नाही. समोरच्यानं तुमचं राष्ट्र मान्य केलं. तुम्ही फक्त त्याच्याशी बोलायचं मान्य केलंत.

मराठीत याला नेमका शब्द आहे: तह. तहात दिलजमाई गृहीत धरलेली नसते. तहात हद्दी मोजतात.

[दृश्य: जेरुसलेमचा जुना रस्ता. घाटात गंजरोधक रंग दिलेले चिलखती गाड्यांचे सांगाडे.]

राबिन यांना खरं तर पाण्याचा इंजिनीअर व्हायचं होतं. शेतकी शाळेत शिकलेला हुशार मुलगा, शिकायला अमेरिकेत जायचा विचार. पण १९४१ मध्ये ते पालमाख या ज्यू लढाऊ दलात गेले. इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी अरबांशी झालेल्या १९४८ च्या युद्धात, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते हारेल ब्रिगेडचे प्रमुख होते. वेढ्यात अडकलेल्या जेरुसलेमला धान्य आणि पाणी पोचवणाऱ्या ट्रकांच्या तांड्यांचं रक्षण करणं हे त्यांचं काम. या घाटात त्यांचे किती सोबती गेले, ते हे सांगाडे बघून थोडंफार कळतं. ते मुद्दाम तसेच ठेवले आहेत.

त्याच वर्षी जुलैमध्ये लिद्दा आणि रामला ही अरब वस्तीची गावं इस्रायली सैन्यानं घेतली. तिथल्या रहिवाशांना बाहेर काढण्याच्या आदेशावर सही होती राबिन यांची. सुमारे पन्नास हजार किंवा त्याहून जास्त माणसं, ऐन उन्हाळ्यात, पोराबाळांसकट, रामल्लाच्या दिशेनं चालत निघाली. वाटेत तहानेनं माणसं मेली. राबिन यांनी आत्मचरित्रात हे लिहिलं होतं. १९७९ मध्ये मंत्र्यांच्या समितीनं तो मजकूर कापला. मग तो न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आला.

लिद्दा म्हणजे आजचं लोद. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, पण कोकणातून आणि मुंबईतून गेलेली बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबं पुढे याच लोद-रामलात वसली. तिथल्या काही घरांत आजही मराठी कानावर पडते आणि मंगलकार्याला मलिदा होतो. एकाच गावातून एक समाज बाहेर पडला, दुसरा आत आला.

[दृश्य: जून १९६७. कृष्णधवल चित्रफीत.]

१९६७. राबिन लष्करप्रमुख. युद्धाच्या दोन आठवडे आधी, २३ मेच्या सुमारास, हा माणूस कोसळला. झोप नाही, अन्न नाही, सिगारेटींमागून सिगारेटी. अधिकृत कारण सांगितलं गेलं ते निकोटिनच्या विषबाधेचं. एक-दोन दिवसांत ते परत कामावर आले. ५ जूनला शेजारी अरब देशांशी युद्ध सुरू झालं, १० जूनला संपलं, आणि इस्रायलच्या ताब्यातला भूभाग तिपटीहून अधिक झाला.

हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण राबिन यांचं शांततेचं गणित इथूनच समजतं. युद्धाची भीती काय असते ते त्यांना विजयाच्या आधीच कळून चुकलं होतं.

पण म्हणून ते मवाळ झाले असं कुणी समजू नये. १९८७ च्या डिसेंबरात पॅलेस्टिनी उठाव पेटला, पहिला इंतिफादा, तेव्हा संरक्षणमंत्री राबिनच होते. जानेवारी १९८८ मध्ये त्यांनी जाहीर केलेलं धोरण तीन शब्दांचं होतं: बळ, जोर आणि मार. सैनिक दगडानं तरुणांचे हात ठेचताहेत, अशी दृश्यं जगानं टीव्हीवर पाहिली. १९९३ पर्यंत हजाराहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. पंतप्रधान झाल्यावर, डिसेंबर १९९२ मध्ये, याच राबिन यांनी ४१५ इस्लामी कार्यकर्त्यांना लेबनॉनच्या डोंगरात, थंडीत नेऊन सोडलं.

[दृश्य: तेल अवीव, १९९१. खिडक्यांना चिकटवलेलं प्लास्टिक, गॅस मास्क घातलेलं कुटुंब.]

मग बदललं काय? माणूस फारसा नाही, नकाशा बदलला.

आखाती युद्धात सद्दाम हुसेनची स्कड क्षेपणास्त्रं तेल अवीववर पडली. लोक खोलीच्या फटी चिकटपट्टीनं बंद करून बसले. बरेच जण शहर सोडून गेले. राबिन यांनी यातून काढलेला अर्थ लष्करी होता: पुढचं युद्ध सीमेवरच्या रणगाड्यांचं नसेल, ते घराच्या छतावर येईल. दूरचा धोका इराक आणि इराण. त्याच्याशी कधीतरी गाठ पडणारच असेल, तर जवळचे शेजारी आणि पॅलेस्टिनी यांच्याशी आत्ताच मिटवलेलं बरं. सोव्हिएत संघ कोसळला होता, अराफत सद्दामची बाजू घेऊन एकटे पडले होते. संधी होती, आणि ती फार काळ राहणार नव्हती. थोडक्यात, शांतता हा त्यांच्या लेखी संरक्षणाचाच भाग होता. मित्रांशी शांतता करत नाहीत, शत्रूंशीच करतात, असं ते सांगत.

[दृश्य: १३ सप्टेंबर १९९३. व्हाइट हाउसची हिरवळ.]

इस्रायल आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटना यांच्यातल्या पहिल्या ओस्लो करारावर सह्या झाल्या आहेत. नंतरचा तो हात मिळवण्याचा प्रसंग तुम्ही पाहिलाच असेल. या वेळी फक्त राबिन यांचे खांदे बघा. अराफत हात पुढे करतात. राबिन क्षणभर थांबतात. मागे बिल क्लिंटन दोन्ही हात पसरून उभे. मग हात पुढे येतो.

मागोमाग रक्त आलंच. फेब्रुवारी १९९४ मध्ये बारूख गोल्डस्टाइन या पॅलेस्टिनी भागातल्या ज्यू वसाहतीत राहणाऱ्या माणसानं हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. ऑक्टोबरमध्ये हमास या पॅलेस्टिनी इस्लामी संघटनेच्या आत्मघातकी हल्लेखोरानं तेल अवीवच्या डिझेनगॉफ रस्त्यावर पाच नंबरची बस उडवली, २२ ठार. आठवडाभरानं, २६ ऑक्टोबरला, राबिन यांनी आराव्हाच्या वाळवंटात जॉर्डनच्या राजे हुसेन यांच्याबरोबर शांतता करार केलाच.

ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागातल्या ज्यू वसाहतींचं बांधकाम मात्र पूर्ण थांबलं नाही. टीकाकारांचा हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोडून काढणं अवघड आहे.

[दृश्य: क्नेसेट, म्हणजे इस्रायलची संसद, ५ ऑक्टोबर १९९५.]

दुसऱ्या ओस्लो करारावर मतदान. भाषणात राबिन यांनी आपला नकाशा उलगडून सांगितला. जेरुसलेम अखंड, इस्रायलकडे. सुरक्षेची हद्द जॉर्डन खोऱ्यात. १९६७ च्या युद्धाआधीच्या रेषेवर परतणं नाही. आणि पॅलेस्टिनींना जे मिळेल ते राष्ट्राहून काहीसं कमी. आज त्यांना शांतिदूत म्हणणाऱ्यांनी हे भाषण एकदा वाचावं. गद्दार म्हणणाऱ्यांनी तर दोनदा.

ठराव ६१ विरुद्ध ५९ मतांनी संमत झाला. त्याच संध्याकाळी जेरुसलेमच्या झायन चौकात जमावाच्या हातात राबिन यांना नाझी गणवेशात दाखवणारी चित्रं होती.

[दृश्य: तेल अवीव, ४ नोव्हेंबर १९९५. रात्र.]

शांतता मेळावा. राबिन यांच्या अंगात चिलखती जाकीट नाही. ते म्हणतात, सत्तावीस वर्षं मी सैनिक होतो. शांततेची शक्यता नव्हती तोवर लढलो. मग लाजत, सुरात सूर मिळवत शांततेचं गाणं गातात. गाण्याचा कागद घडी करून कोटाच्या खिशात जातो. पायऱ्या उतरल्यावर यिगाल अमीर हा पंचवीस वर्षांचा ज्यू विद्यार्थी मागून गोळ्या झाडतो. अंत्यविधीला तो कागद वाचून दाखवला गेला, रक्ताच्या डागांसकट.

[दृश्य: वेस्ट बँक, आज. रस्त्याच्या कडेला मोठा लाल फलक.]

दुसऱ्या ओस्लो करारानं वेस्ट बँकेचे, म्हणजे १९६७ मध्ये इस्रायलनं घेतलेल्या जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या भागाचे, ए, बी आणि सी असे तीन भाग पाडले. ए भाग पॅलेस्टिनी प्रशासनाकडे, बी मध्ये कारभार पॅलेस्टिनींचा आणि सुरक्षा इस्रायलची. आज सुमारे साठ टक्के जमीन सी भागात, म्हणजे पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात. व्यवस्था अंतरिम होती. १९९९ पर्यंत अंतिम तोडगा निघायचा होता.

हा फलक हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत सांगतो: पुढे ए भाग, इस्रायली नागरिकांना प्रवेश बंद, जिवाला धोका. भाजीची टेम्पो गाडी त्याच्या बाजूनं वळते आणि आत जाते.