मायरा हेस आणि दुपारी एकची मैफल

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'एका कॉन्सर्ट पियानिस्टची कारकीर्द', आणि मायरा हेसची कारकीर्द मी सांगणारच आहे, पण सुरुवात १९३९ पासून करतो कारण माझा जीव तिथेच अडकलाय.

३ सप्टेंबरला ब्रिटननं युद्ध पुकारलं आणि लंडनमधली थिएटरं, सिनेमे, मैफलींचे हॉल एका हुकमासरशी बंद. रात्री ब्लॅकआउट. ट्रॅफल्गार स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवलेली, भिंती उघड्या. मायराबाई तेव्हा ४९ वर्षांच्या, अमेरिकेचा दौरा ठरलेला, तो त्यांनी रद्द केला आणि गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांना जाऊन विचारलं की इथे अधूनमधून एखादी मैफल करू या का. क्लार्क म्हणाले, अधूनमधून कशाला, रोजच करा की!

आणि रोज म्हणजे खरंच रोज, सोमवार ते शुक्रवार, दुपारी एक वाजता, तिकीट एक शिलिंग. दुपारीच का, तर रात्रीच्या अंधारात लोक येणार कसे आणि परत जाणार कसे, शिवाय जेवणाच्या सुट्टीत टायपिस्ट, कारकून, रजेवर आलेले सैनिक, नर्सेस, सगळ्यांना तासभर मोकळा असतो. १० ऑक्टोबरला पहिली मैफल, मायराबाई स्वतःच बसल्या वाजवायला, त्यांना वाटलं ओळखीचे चाळीस-पन्नास लोक येतील, तर हजारेक माणसांची रांग लागलेली. बीथोवनचा 'आपासिओनाटा' हा पियानो सोनाटा वाजवला, शूबर्ट, ब्राम्स, बाख. हे चौघेही जर्मन नाहीतर ऑस्ट्रियन! जर्मनीशी युद्ध पुकारून सव्वा महिना झालाय आणि ही ज्यू घरातली बाई बीथोवन वाजवतेय आणि लोक टाळ्या वाजवतायत, मला हे सांगताना अजूनही काटा येतो अंगावर.

बाजूला स्वयंसेविका सँडविच विकायच्या, मध आणि मनुकांचं सँडविच फार गाजलं म्हणे. (हसू नका, आपल्याकडे मध्यंतरातल्या बटाटेवड्यावर नाट्यगृहांची कीर्ती ठरते!)

आता थोडं विषयांतर करतो. आपल्याकडे सारंग, म्हणजे दुपारचा राग, किती जणांनी समोर बसून ऐकलाय, हात वर करा. बघा, चार हात. मुलतानी, पटदीप, भीमपलासी हेही दुपारचेच, ते ऐकायचे तर संध्याकाळच्या मैफलीत पहिला कलाकार वेळेआधी बसला तरच, नाहीतर सगळीकडे यमन, मारवा, पूरिया हे संध्याकाळचेच राग. उघड्यावरच्या मैफलीत दहाला माईक बंद म्हणून रात्रीचे राग गेल्याची हळहळ सगळे करतात, पण दुपारचे राग त्याच्या कितीतरी आधी गेले, त्यांच्यासाठी कोणी रडलं नाही. मी एका संस्थेच्या लोकांना दोनदा भेटलो, म्हटलं महिन्यातून एक दुपार द्या, एक तास, एकच कलाकार, ते म्हणाले दुपारी कोण येतंय हो. अहो, बॉम्ब पडत असताना लंडनमध्ये येत होते!

कारण १९४० च्या सप्टेंबरात रोजची बॉम्बफेक सुरू झाली तेव्हा वरच्या हॉलच्या काचेच्या घुमटाखाली बसणं धोक्याचं झालं, म्हणून मैफल तळघरात नेली. पुढे आवारात न फुटलेला बॉम्ब सापडला तेव्हा श्रोते आणि कलाकार मिळून चौकापलीकडच्या साउथ आफ्रिका हाउसमध्ये गेले. मैफल चुकली नाही. एप्रिल १९४६ पर्यंत १,६९८ मैफली, सव्वाआठ लाखांच्या आसपास श्रोते, म्हणजे दर दुपारी सरासरी जवळजवळ पाचशे. नवशिक्या वादकाला आणि नामवंताला मानधन सारखंच, आणि उरलेले पैसे अडचणीतल्या संगीतकारांच्या मदत निधीला.

पाच मिनिटं राहिलीत अशी चिठ्ठी आलीय, तर कारकीर्द भराभर सांगतो. जन्म १८९०, लंडन. रॉयल अकॅडमीत टोबायस मॅथे यांच्याकडे शिक्षण. १९०७ साली, वय सतरा, लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये ऑर्केस्ट्राचे संचालक टॉमस बीचम यांच्याबरोबर बीथोवनचा चौथा कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, पण त्यानंतर लगेच नाव झालं असं काही नाही, बरीच वर्षं शिकवण्या आणि गायकांबरोबर साथ करत काढली. १९२२ मध्ये अमेरिकेत पदार्पण, खरं यश तिथं मिळालं. बाखच्या एका कोरालचं, म्हणजे चर्चमधल्या समूहगीताचं, पियानोसाठी केलेलं रूपांतर १९२६ मध्ये छापलं, ते आजही जगभर वाजतं. १९४१ ला 'डेम' हा ब्रिटिश किताब. मोझार्टचे कॉन्चेर्टो त्या काळी फारसे कोणी वाजवत नसे, ते त्यांनी गॅलरीत मालिका करून लोकांपुढे आणले, यावर खरं तर स्वतंत्र तास हवा. पुढे १९५९ पासून तरुण पियानिस्ट स्टीफन कोव्हासेविच त्यांच्याकडे शिकला. १९६१ मध्ये पक्षाघात, वादन थांबलं, १९६५ मध्ये गेल्या. रेकॉर्डिंगचा त्यांना कंटाळा होता, त्यातल्या त्यात १९५३ ची बीथोवनच्या ओपस १०९ आणि ११० या सोनाटांची दोन ऐकाच.

माझं म्हणणं एवढंच की तिची कारकीर्द मोजायची तर हे दौरे आणि पदव्या बाजूला ठेवून ते १,६९८ दिवस आधी मोजा. बाहेर टेबलावर वही ठेवलीय, दुपारी एकच्या मैफलीला यायची ज्यांची तयारी आहे त्यांनी नाव आणि सोयीचा वार लिहा, हॉलचं दुपारचं भाडं कमी असतं हे मी विचारून आलोय.