किनखापाचे आठ तुकडे

(पडद्यावर: तपकिरी पडलेलं रेशीम, त्यावर माणसांच्या रांगा)

चीनच्या हुनान प्रांतात, छांगशा शहरात, मावांगतुई नावाची जागा आहे. तिथली इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेली एक कबर १९७३ मध्ये उघडली, आणि आत हे रेशीम सापडलं, पार चिंध्या झालेलं. जोडून पाहिलं तर ४४ आकृत्या. बाया, पुरुष, तरुण, म्हातारे. कुणी वाकलंय, कुणी हात ताणलेत. एकीच्या शेजारी चक्क गुडघेदुखीचा उल्लेख आहे!

या व्यायामाला तेव्हा 'दाओयिन' म्हणत. 'छीगोंग' हे आजचं नाव रूढ झालं १९५०च्या दशकात. त्यातला सगळ्यांत लोकप्रिय संच म्हणजे 'बादुआनजिन', किनखापाचे आठ तुकडे, म्हणजेच आठ हालचाली. तो चीनमधल्या सोंग राजवटीपासूनचा, म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा. सेनापती युए फेईनं तो सैनिकांसाठी रचला म्हणतात, पण ती आख्यायिकाच.

(पडद्यावर: पहिली हालचाल, समोरून)

पाय खांद्यांइतके फाकवा. बोटं बेंबीखाली गुंफा, तळवे वर. श्वास घेत हात छातीपर्यंत आणा, तिथे तळवे फिरवून आभाळ पेलल्यासारखे वर रेटा. नजर हातांवर. आता हनुवटी खाली घेऊन समोर बघा, दोन सेकंद थांबा. मग बोटं सोडा आणि गुडघे किंचित वाकवत हात दोन्ही बाजूंनी खाली आणा. असं सहा वेळा.

नवख्यांचे खांदे इथे हमखास कानांशी जातात आणि मान आखडते. हात ताठ करायच्या नादात पोट पुढे येतं, मग बरगड्यांना मिळायचा ताण कमरेवर पडतो. त्यापेक्षा कोपरं जरा वाकलेली राहू द्या. श्वास अपुरा पडला तर तो कोंडू नका, हालचालच आखूड करा. आणि गुडघा वाकला की पावलाच्या दिशेनंच जायला हवा. आत वळला तर सांध्याला पीळ बसतो.

फायदा होतो तो या संथपणातून. वजन एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश नेताना तोल सांभाळणारे स्नायू सतत कामाला लागतात. याच घराण्यातल्या ताई चीची परीक्षा अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये झाली, अहवाल २०१२ चा. पार्किन्सनचे, म्हणजे हालचाल आणि तोल बिघडवणाऱ्या मेंदूच्या आजाराचे १९५ रुग्ण, आठवड्यातून दोनदा तासभर, २४ आठवडे. ताई ची करणाऱ्यांचा तोल सगळ्यांत जास्त सुधारला, आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते तोल जाऊन कमी वेळा पडले. औषधं मात्र कुणीही बंद करू नयेत.

(पडद्यावर: टाचा, अगदी जवळून)

आठव्या हालचालीचं नावच सांगतं की शंभर आजार जातील. ते कवितेसारखं घ्यावं. टाचा उचला, क्षणभर थांबा, अर्ध्यापर्यंत हळू उतरा आणि मग हलकेच टेकवा. सात वेळा. हाडं ठिसूळ असतील तर आपटू नका, अलगद ठेवा. तोल जात असेल तर खुर्चीची पाठ धरा, डोळे उघडे ठेवा आणि टाचा बोटभरच उचला.