दोन उवा

नमस्कार मंडळी. भाकरी टाकायची राहिली असेल तर टाकत टाकत ऐका, रेडिओचा तोच तर फायदा. आज बोलायचं आहे एचआयव्ही असलेल्या आया आणि त्यांच्या लेकरांबद्दल. यवतमाळ जिल्ह्यात मी बरीच वर्षं समुपदेशक होते. म्हणजे एआरटीच्या, एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या न्यायला येणाऱ्यांशी बोलायचं काम.

आधी औषधाचं उरकते. आईला एचआयव्ही असेल आणि काहीच उपचार केला नाही, तर 100 पैकी 15 ते 45 बाळांना लागण होऊ शकते. आईनं रोज गोळी घेतली, बाळंतपण दवाखान्यात झालं आणि जन्मल्याबरोबर बाळाला औषध मिळालं, तर हाच आकडा 5 च्या खाली येतो. 5 च्या खाली, ऐकलंत ना? बाळाची पहिली तपासणी 6 आठवड्यांनी, पक्की दीड वर्ष झाल्यावर. आणि 2004 पासून आपल्या देशात या गोळ्या सरकार फुकट देतं.

आता गोष्ट. नाव-गाव सांगणार नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं सांगता येत नाही, आणि कायदा नसता तरी मी सांगितलं नसतं. गोष्ट सांगायला मात्र तिनंच हो म्हटलंय.

ही बाई दर महिन्याला यायची. नवरा गेलेला, लेक नऊ-दहा वर्षांची, तपासणीत साफ निघालेली. गोळी हिनं कधी चुकवली नाही. त्या दिवशी आली, खुर्चीवर बसली आणि पिशवीतून गोळ्यांची डबी काढायची तर वर्तमानपत्राची पुडी काढली. पुडीत वेणी. लाल रिबिनीसकट.

"पोरीनं कापली जी. मी वेचाले गेलती."

सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन कापसाची वेचणी भरात आलेली. किलोवर मजुरी, त्यामुळे ही अंधार पडेपर्यंत वावरात. घरी आली तर लेक डोक्याला ओढणी गुंडाळून कोपऱ्यात बसलेली.

झालं होतं असं, की दोन वर्षांपासून हिनं लेकीच्या उवा काढणं सोडलं होतं. डोकं खाजवलं की शेजारच्या काकूकडे पाठवायची. ताट वेगळं, गोधडी वेगळी. लेक जवळ सरकली की "तिकडे हो" म्हणून ओरडायची. पोरीनं आपला हिशेब केला: माय आपल्या डोक्यातल्या उवांना किळसते. केस नाही राहिले तर उवा नाही, उवा नाही तर माय जवळ घेईल. आणि उचलली कात्री.

मी म्हटलं, "अगं, पण उवा काढायला तुला काय झालं होतं?"

तिनं दाराकडे पाहिलं, आवाज बारीक केला. "उवा रगत पेतेत ना ताई? माया डोक्यातली पोरीच्या डोक्यात गेली तं?"

मंडळी, इतकी वर्षं मी तिला पत्रक वाचून दाखवत होते. डास चावल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, पापा घेतल्यानं होत नाही. पत्रकात ऊ नव्हती.

तर आज सांगते. ऊ रक्त पिते, पण एचआयव्ही तिच्यात वाढत नाही आणि तिच्यामुळे दुसऱ्याला होत नाही. परत सांगते: उवांमुळे एचआयव्ही होत नाही. फणीमुळे होत नाही. सुई आणि ब्लेड तेवढं ज्याचं त्याचं वेगळं.

तिनं मान हलवली. पण ती मान मला ओळखू येते. ऐकलं, पटलं नाही. मग मी दार लोटलं, अंबाडा सोडला आणि तिच्यापुढे पाठ करून बसले. "बघ, माझ्यात आहेत का."

"तुमच्या डोक्यात नाही राहत जी."

"बघ म्हटलं ना."

बोंडांनी ओरखडलेली तिची बोटं, माझ्या केसांत अडकत होती. आणि सापडल्या की. दोन! नखावर घेऊन टकटक मारल्या आणि अशी हसली म्हणता. मग मी तिच्या डोक्यात बघायला घेतलं. बाहेर रांग. एक म्हातारे बाबा दार ढकलून आत आले, आम्हाला तसं बघून उलट्या पावली गेले.

जाताना तिनं बाजारातून फणी घेतली. फणी लाकडाचीच घ्यावी, या मतावर मी ठाम आहे. प्लास्टिकच्या फणीतून लिखा खुशाल निसटतात. आणि सीताफळाच्या बियांची पूड कुणी डोक्याला लावू नका, डोळ्यांत गेली तर डोळे सुजतात. त्यापेक्षा करंजाच्या बियांचं तेल लावा. खरं तर घरोघरी टीव्ही आला आणि ओसरीवरचं उवा काढणं गेलं, हे फार वाईट झालं. उवा काढताना तोंडं एकमेकींना दिसत नाहीत. अवघड बोलणं तेव्हाच निघतं.

लेकराला आजाराचं कधी सांगायचं, असं मला विचारतात. एका दमात नाही. वयाप्रमाणे, थोडं थोडं. जमत नसेल तर केंद्रातल्या ताईंना विचारा, नाहीतर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. फुकट आहे. एक, शून्य, नऊ, सात.

पुढच्या महिन्यात ती आली ती सांगतच. लेकीचे केस पोरासारखे झालेले. हिनं फणी घेऊन हाक मारली तर लेक म्हणते, "आता काय काढतं वं माय?"

"लिखा तं असतीन. ये."

डोकं मांडीवर ठेवल्यावर लेकीनं विचारलं, रोज रात्रीची गोळी कायची हाय? हिनं जेवढं जमलं तेवढं सांगितलं. रगतात एक जंतू हाय, गोळीनं तो दबून राहते. लेक थोडा वेळ गप्प राहिली.

"मंग चुकवू नको," म्हणाली. "आन् इकडे पाय, कानामांगं खाजवते."