सहज येऊन जा, पण आधी कॅलेंडर बघ

नमस्कार मंडळी. माइक चालू आहे ना? मागे ऐकू येतंय? बरं. मला दहा मिनिटं दिलीयत आणि मला इथून चहाचा थर्मास दिसतोय, त्यामुळे दहाची पंधरा होणार नाहीत, काळजी करू नका.

इथे बोलायला या म्हणून फोन आला तेव्हा मी विचारलं विषय काय, तर म्हणाले काहीही बोला हो, तुम्ही लोक विकेंडला भटकता ते सांगा. म्हणजे बाकीच्यांनी करिअर, मुलांच्या शाळा, व्हिसा हे घेऊन झालं होतं आणि उरलेलं माझ्याकडे आलं. चालेल.

मी राजापूरचा. आमच्याकडे संध्याकाळी पुढचं दार उघडंच असतं, कोणी ओटीवर आलं की "काय रे, सहज?" "हो, सहजच" एवढ्यावर चहाचं आधण पडतं. टोकियोत मला आता नऊ वर्षं झाली, त्यातली सात निशी-कासाईत, आणि सुरुवातीला सगळ्यात जड काय गेलं असेल तर भूकंप नाही, भाषा पण नाही, तर ही गोष्ट की इथे सहज कोणी येत नाही. बेल वाजली की कुरियरवाला. आणि हे फक्त जपान्यांचं नाही बरं का, आपल्याला पण तीच लागण होते, आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर सोलापूरचं कुटुंब आहे, मी दुसऱ्या, आणि त्यांचा मेसेज काय, "पुढच्या महिन्यात २२ ला दुपारी आहात का?" दोन मजले आहेत हो मधे!

तर असं करत करत आमचा एक ग्रुप झाला आणि ग्रुप झाला की इथे लागतो कांजी. कांजी म्हणजे जो सगळं ठरवतो, बुकिंग करतो, पैसे गोळा करतो आणि शेवटी सगळ्यांच्या शिव्या खातो तो माणूस. मला आपली कांजी म्हटलं की साडीची खळ आठवते, आणि खरं सांगू, फार वेगळं नाही, हा माणूस नसेल तर ग्रुप ढिला पडतो. गेल्या नोव्हेंबरला कांजी होता माझ्या ऑफिसमधला एक जपानी सहकारी. नाव घेऊ नकोस म्हणालाय म्हणून आपण त्याला नुसतं सान म्हणू, सान म्हणजे नावापुढे लावतात ते आपलं "राव", आमची पोरं सानकाका म्हणतात. त्याने पाठवलेल्या एक्सेलमध्ये "९.४० ते ९.५० टॉयलेट" अशी ओळ होती. आमच्यातला नागपूरकर म्हणाला, नऊ पन्नासला नाही झाली तर काय बे.

जायचं होतं इतोला. इझू द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, टोकियोहून ओदोरिको ट्रेनने पावणेदोन तासांच्या आत. आम्ही अकरा जण, त्यात तीन पोरं. पोरंवाले दोन भाड्याच्या गाड्या घेऊन गेले. आता गाडीचं म्हणाल तर इथे पण आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, स्टिअरिंग उजवीकडे, पण भारतातून आणलेलं इंटरनॅशनल परमिट वर्षभरच चालतं, मग इथलं लायसन्स करून घ्यावं लागतं, आणि वीस वर्षं नागपुरात गाडी हाकलेला माणूस त्या ड्रायव्हिंग टेस्टला दोनदा नापास झाला कारण वळताना मान वळवून आरशात न दिसणारा कोपरा बघितला नाही. तिसऱ्यांदा त्याने मान इतकी वळवली म्हणे की परीक्षक घाबरला. असो. १३५ नंबरचा समुद्राकाठचा रस्ता सुट्टीच्या दिवशी तुंबतो तसा तुंबला आणि आम्ही ट्रेनवाले तासभर आधी पोचलो.

आणि स्टेशनबाहेर पडून जरा चाललो, तर वास. मंडळी, काय सांगू. सुक्या माशाचा वास! इझू हिमोनोसाठी, म्हणजे सुक्या माशासाठी प्रसिद्ध, आजी नावाचा मासा (हो, नाव तेच, आजी) मधोमध चिरून उघडायचा, मिठाच्या पाण्यात ठेवायचा आणि जाळीवर वाळत घालायचा. दुकानांसमोर ती वाळवणं बघून मी अक्षरशः थांबलो. मागे डोंगर, पुढे समुद्र, मधे निमुळती गल्ली आणि वाळत घातलेले मासे, आमच्या बंदरावर मे महिन्यात हेच चित्र असतं फक्त वर कावळे जास्त. टोकियोतल्या फ्लॅटमध्ये मी एकदा सुका बांगडा भाजला होता तेव्हा बिल्डिंगच्या नोटिस बोर्डावर "वासाबद्दल काळजी घ्यावी" असा कागद लागला होता, नाव नव्हतं पण सगळे माझ्याकडेच बघत होते. आणि इथे तोच वास गावाची शान.

घर भाड्याने घेतलं होतं, किचनवालं, कारण आमच्यात तीन जण पक्के शाकाहारी आणि जपानात बाहेर शाकाहारी म्हणजे रोजची लढाई. मासा दिसत नाही तिथे पण असतो, सूपमध्ये, उदोन नूडल्सच्या पाण्यात, भाजीच्या रसात, सगळीकडे कात्सुओची दाशी, म्हणजे सुक्या माशाचं पाणी. तर रात्री एका शेगडीवर थालीपीठं, दुसरीकडे भात, आणि गॅसखाली जो मासे भाजायचा ड्रॉवर असतो ना त्यात आजी. पुणेकर वहिनी खिडकी उघडून तिथेच उभ्या, हातात थालीपीठ, बाहेर सात डिग्री. मी घरून आगळ नेलं होतं त्याची सोलकढी केली, सानने गुलाबी रंग बघून विचारलं स्ट्रॉबेरी का, आणि मग एक घोट घेऊन बराच वेळ काहीच बोलला नाही. दुसरी वाटी मात्र स्वतःहून मागितली.

जेवणाआधी आंघोळ. इथे जे नवीन आलेत त्यांच्यासाठी सांगतो, ओन्सेनला, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहात, पुरुष वेगळे बायका वेगळ्या आणि अंगावर काही नाही, काही म्हणजे काहीच नाही. इतोत सात भाग्यदेवतांच्या नावाची सार्वजनिक स्नानगृहं आहेत, त्यातल्या बिशामोन्तेनच्या नावाच्या ठिकाणी आम्ही गेलो, बिशामोन्तेन म्हणजे आपला कुबेर. सातांत तिघे मूळचे आपल्याकडचे आहेत, बेंझाइतेन सरस्वती, दाइकोकुतेन महाकाल आणि हा. सोलापूरकर दारातच म्हणाले, मी बाहेर चपला सांभाळतो. कुबेराच्या दारात चपला! शेवटी आले बिचारे, डोळे छताकडे लावून. आणि आत काय बघतो तर ठेंगणं स्टूल, बादली, आधी बाहेर बसून खसाखसा अंग धुवायचं आणि मगच पाण्यात उतरायचं. अरे ही तर आजीची मोरी! पाट, बादली, तांब्या, फक्त बंबाच्या जागी पृथ्वी. राजापूरजवळ उन्हाळ्याचं गरम पाण्याचं कुंड आहे तिथे लहानपणी आजोबा न्यायचे, तेच ते, पाणी अंगाला चटका देतं आणि दोन मिनिटांनी हाडं सैल होतात. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. डोक्यावर घडी ठेवलेले चार मराठी पुरुष गळ्यापर्यंत पाण्यात, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही ऑफिस, प्रॉपर्टी आणि शाळा सोडून बोललो. सोलापूरकरांनी वडिलांबद्दल सांगितलं. ते इथे नाही सांगत.

रात्री गडबड झाली. घराच्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं की नऊनंतर अंगणात आवाज नको. आम्ही आत होतो हो, पण अंताक्षरी आणि खिडकी उघडी, माशाच्या वासामुळे. साडेनऊला शेजारच्या आजीबाई दारात. सान पुढे झाला आणि कमरेत इतका वाकला की मला वाटलं आता उठत नाही. आम्ही पण वाकलो, रांगेने. तर बाई म्हणाल्या आवाजाचं ठीक आहे, पण मासा जळतोय. खरंच जळत होता.

दुसऱ्या दिवशी ओमुरोयामा. ५८० मीटर उंच, ज्वालामुखीचा डोंगर पण दिसायला पालथी घातलेली वाटी, झाडं नाहीत, सगळं गवत. चालत चढायला बंदी, चेअरलिफ्टनेच जायचं, आणि वर विवराच्या कडेने एक किलोमीटरची वाट. नोव्हेंबरात सुसुकी गवत पिकून सोनेरी झालेलं असतं आणि फेब्रुवारीत तो पूर्ण डोंगर पेटवतात, शेकडो वर्षांची प्रथा. मी सानला म्हटलं आमच्याकडे पेरणीआधी राब भाजतात, तसंच काळं होतं आणि पावसात हिरवं. तो म्हणाला, मग तू इतक्या लांब का आलास? चेष्टेत म्हणाला. फुजी ढगात होता.

मग हिशोब. आपल्या कॉलेजात टीटीएमएम होतं ना, तुझं तू माझं मी, त्याला इथे बेत्सु-बेत्सु. पण ट्रिपला वारिकान, म्हणजे एकूण भागिले डोकी. पुणेकर वहिनींचं म्हणणं, आम्ही मासा खाल्ला नाही, वर वास सहन केला, त्याचं उलट आम्हाला द्या. पाऊण तास चालला हा वाद अतामीपर्यंत, आणि सान शांतपणे मोबाइलवर माशाची वेगळी कॉलम करत होता. कचरा पण आम्ही पिशव्या भरून आणला, जळणारा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, ट्रेनमध्ये माझ्या मांडीवर माशाचे काटे.

त्याच ट्रेनमध्ये सानने विचारलं, तुम्ही सारखं "सहज" म्हणता ते काय? मी सांगितलं, काम नसताना येणं. म्हणाला, हां, नान्तोनाकु. मी म्हटलं बरोबर, असंच, उगाच. एकदा ये तू पण सहज.

दोन आठवड्यांनी त्याचं कॅलेंडर इन्व्हाइट आलं. रविवार, ४ ते ५, विषय: सहज.

मी अ‍ॅक्सेप्ट केलं. बरोब्बर चारला बेल, हातात आजी माशाचं पाकीट, चहा प्यायला, पोरांबरोबर कॅरम खेळला, राणी पण घेतली, आणि पाचला पाच कमी असताना बूट घालायला उठला. बायको म्हणाली अहो बसा ना. तो माझ्याकडे बघायला लागला, की आता काय करायचं असतं? मी म्हटलं, आता अजून एक चहा असतो. बसला. पावणेआठला गेला. जाताना चौथ्या मजल्यावर बेल वाजवून गेला, इन्व्हाइट न पाठवता, आणि सोलापूरकरांचा मला घाबरून फोन, अरे काय झालं, सगळं ठीक आहे ना?

तर पुढची ट्रिप मार्चमध्ये आहे. कांजी कोण हे अमिदाकुजीने काढलं, त्या शिडीसारख्या रेघा मारून काढतात ती चिठ्ठी, आणि रेघ माझ्यावर आली. चहाच्या टेबलावर कागद ठेवलाय, नाव लिहा, शाकाहारी असाल तर पुढे "शा" लिहा, आणि शा लिहून रात्री माशाच्या ताटाकडे बघणारे कोण आहेत ते मला माहितीये. वेळापत्रक मी केलंय. टॉयलेटची ओळ ठेवली आहे.